दचकलेली अंडी

चहात थर्मामीटर बुडवून मगच कप तोंडाला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकं त्याच्याच घरात भाड्यानं राहायची बुद्धी आम्हाला झाली. पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला त्यांचं दुमजली घर. वर ते आणि वहिनी, खाली आम्ही दोघं, आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली त्यांचे मासे. या तिघांत सगळ्यात चांगली जागा कोणाची होती हे सांगायला नको. शेडला पंखा होता. आमच्या स्वयंपाकघरात तो बसवायला त्यांनी शेवटपर्यंत परवानगी दिली नाही, कारण त्याचा आवाज म्हणे भिंतीतून शेडमध्ये जातो.

घरमालक प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. अख्खी कॉलनी त्यांना सर म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. भाडं ठरवायला गेलो तेव्हा आमच्या ह्यांनी सातपूरची नोकरी, गाव, भाऊबंद, सगळं पाठ करून ठेवलं होतं. सरांनी त्यातलं काहीएक विचारलं नाही.

"दार आपटता का?"

"नाही सर."

"मोठ्यानं शिंकता?"

हे प्रामाणिक. म्हणाले, "सर्दी झाली तर."

सर विचारात पडले. इतके, की मला वाटलं आता जागा हातची गेली. मग म्हणाले, "उन्हाळा लागला की जपून शिंकत जा. माद्या अंड्यांवर असतात."

एवढ्यावर आमचा करार झाला. पुढे कितीतरी वर्षं उन्हाळ्यात हे शिंक आली की उशीत तोंड खुपसायचे. बायकोच्या बाळंतपणातसुद्धा या माणसानं एवढी काळजी घेतली नव्हती.

सरांचं वेड एकच होतं, आणि ते त्यांनी मला इतक्या वेळा समजावून सांगितलं की सातवी शिकलेली मी आजही कोणालाही समजावू शकते. हौस म्हणून नाही. वहिनी दुपारी झोपायच्या, ह्यांची ड्युटी असायची, मासे काही मान डोलावत नाहीत, राहिलं कोण? मी. तर ऐका. माशाच्या पिल्लात आईकडून गुणसूत्रांचा एक संच येतो, बापाकडून एक. दोन संच जुळले की झालं पिल्लू. पण अंड्यात सुरुवातीला आईचा एक संच जादा असतो. नराचं बीज आत शिरलं की अंडं तो जादा संच बाहेर टाकून देतं. नेमकं त्याच घडीला अंड्याला गरम पाण्याचा नाहीतर गार पाण्याचा धक्का द्यायचा. अंडं दचकतं, आणि टाकायचं ते टाकायचं विसरतं. मग पिल्लात संच होतात तीन. तिघांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून असला मासा मोठा झाला तरी त्याला पिल्लं होत नाहीत. संसार नाही, त्यामुळे खाल्लेलं सगळं अंगी लागतं आणि मासा जाडजूड होतो.

मी म्हटलं, "म्हणजे कचऱ्याची पिशवी टाकायला निघावं, तेवढ्यात फोन वाजावा, आणि बोलून झाल्यावर पिशवी हातातच राहावी, तसं."

सर एकदम उभे राहिले. "ताई, तीस वर्षं मी हे वर्गात शिकवलं, एकालाही कळलं नाही!"

मला फार आनंद झाला. दोन दिवसांनी कळलं की हे वाक्य ते दूधवाल्यालाही म्हणाले होते.

धक्क्याबद्दल त्यांचं ठरलेलं म्हणणं असायचं. "धक्का किती जोराचा, याला किंमत नाही. कोणत्या घडीला, याला आहे." हे त्यांनी माशांपुरतं ठेवलं असतं तर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण शिक्षकाला एक गोष्ट सापडली की तो ती सगळ्या जगाला लावून बघतो. आमच्या ह्यांना तंबाखूचं व्यसन. एक दिवस ते ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. सगळं साग्रसंगीत झालं, चिमूट ओठाशी गेली, आणि मागून सरांनी बर्फाच्या पाण्याची कळशी ह्यांच्या पाठीवर रिकामी केली. का, तर म्हणे सवय तोंडात शिरते ती हीच घडी, इथंच मेंदू दचकायला हवा. मेंदूचं माहीत नाही, पण छाती दचकली. ह्यांना असा खोकला झाला की आठवडाभर रजा टाकावी लागली, आणि घरात बसून करायला काही नाही म्हणून तंबाखू दुप्पट झाली. सर रोज येऊन विचारायचे, "काही फरक?" हे खोकत म्हणायचे, "पुष्कळ."

आधी सरांचा सगळा भर गारव्यावर होता. अंडी बर्फाच्या पाण्यात बराच वेळ ठेवायची. फ्रीजमधला बर्फ पुरेना, तेव्हा एका सकाळी ते टेम्पोतून बर्फाच्या दोन अख्ख्या लाद्या घेऊन आले. वर ओलं पोतं. आता सकाळच्या पारी एखाद्या दारासमोर बर्फाची लादी उतरली की कॉलनीत त्याचा अर्थ एकच होतो. समोरच्या आजींनी गॅलरीतून पाहिलं, आणि फोन करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मी कोपऱ्यावरून भाजी घेऊन येते तर फाटकाशी माणसंच माणसं. माना खाली, चपला एका बाजूला. एकदोघांनी पांढऱ्या टोप्यासुद्धा शोधून काढल्या होत्या. म्हटलं, सर असे धडधाकट, म्हणजे वहिनी गेल्या! तेवढ्यात वहिनीच दार उघडून बाहेर आल्या, पदराला हात पुसत, आणि गर्दी बघून घाबऱ्याघुबऱ्या झाल्या.

"अगं बाई, काय झालं? कोण गेलं?"

आता काय सांगायचं? टोपीवाल्यांनी टोप्या काढून खिशात घातल्या. कोणी म्हणालं, सहज आलो होतो. इतक्या सकाळी, एवढे सगळे, सहज. शेडमधून सर तरातरा आले, ओठांवर बोट. "शू! रडायचं असेल त्यांनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन रडा. इथं पाणी हलतंय."

वहिनींनी सगळ्यांना पोहे केले. आलेलं माणूस उपाशी कसं पाठवायचं? कोणा उत्साही माणसानं शववाहिनीलाही फोन केला होता, तिचा ड्रायव्हरही दोन बशा खाऊन गेला. अंडी मात्र एकूण एक मेली. सरांच्या मते गर्दीमुळे. तसं पाहिलं तर त्या दिवशी खरोखर कोणी गेलं असेल तर ती अंडीच, पण त्यांच्यासाठी कोणी टोपी घातली नव्हती.

त्यानंतर सर गरम पाण्यावर आले. कॉलनीनं सुस्कारा सोडला.

वहिनींबद्दल सांगायला हवं. बाई निफाडकडच्या, मोठ्या घरातल्या, आणि बोलायला कमी. नवऱ्याच्या वेडाबद्दल त्यांचं मत विचारलं तर म्हणायच्या, "बाहेर कुठं जात नाहीत, हे काय थोडं आहे?" बाळबाळंतिणींचं त्यांना फार. स्वतःची दोन पोरं वाढवून झाली, नातवंडं झाली, तरी कॉलनीत कोणाकडे तान्हं आलं की पहिला महिना अंघोळ घालायला वहिनी. शेडकडे मात्र फिरकायच्या नाहीत. सर त्यांना येऊच द्यायचे नाहीत. "ती आली की आवरते," म्हणायचे.

वहिनींची धाकटी बहीण वणीच्या अलीकडे दिलेली. तिचे यजमान, म्हणजे सरांचे साडू, यांना सगळे अण्णा म्हणत. द्राक्षाची बाग, आणि बागेच्या डोक्याशी प्लास्टिकचा कागद अंथरलेलं हे एवढं मोठं शेततळं. साडू-साडूंचं नातं मोठं गोड असतं. दोघंही एका घरचे जावई, त्यामुळे दुसऱ्याला अक्कल कमी आहे हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असतं. सर म्हणायचे, "अण्णा म्हणजे मनानं चांगला, पण द्राक्षापलीकडे दृष्टी नाही." अण्णा म्हणायचे, "मास्तर म्हंजे लय हुशार मानूस. फकस्त उपेग नाय."

पूर्वी एकदा सरांनी त्या तळ्यात साध्या चिलापी सोडल्या होत्या. चिलापी हा मासा असा, की त्याला पाणी दाखवायचा अवकाश, लगेच संसार मांडतो. वर्षभरात तळ्यात बोटाएवढ्या माशांचा नुसता लगदा झाला. एक मासा धड खाण्याजोगा नाही, आणि पिल्लं पंपातून थेट ठिबकच्या फिल्टरमध्ये. ऐन पाण्याच्या वेळी बाग कोरडी राहिली. अण्णांनी तेव्हा सरांना जे ऐकवलं ते बहिणी-बहिणींनी मिळून कसंबसं मिटवलं.

म्हणून पिल्लं न होणाऱ्या चिलापी घेऊन सर परत त्याच तळ्यावर जातो म्हणाले, तेव्हा मला वाटलं, हा माणूस काही शहाणा होत नाही. पण त्यांना दुसरं तळं कोण देणार? आडगावपासून दिंडोरीपर्यंत त्यांनी सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. टबातलं काम टबातच राहत होतं. खऱ्या पाण्यात, खऱ्या शेतकऱ्याच्या तळ्यात आपला मासा पिल्लाशिवाय मोठा झालेला एकदा बघायचा, एवढं त्यांना उरलं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, कानांनाही जरा कमी. हे ते बोलले नाहीत, पण शेडमध्ये बसून त्या टबांकडे ज्या नजरेनं बघायचे ती मी पाहिली होती.

अण्णांनी अट घातली. आमच्याच हॉलमध्ये, माझ्याच हातचा चहा पीत.

"मास्तर, मासे सोडा. पन फिल्टरात एक जरी पिल्लू घावलं, तर सगळे मासे भाईर. अन् पुन्यांदा हा विषय नाय. माज्या तळ्यावर नाय, कुटंच नाय. हे टब बिब समदे भंगारात."

मला वाटलं सर वाद घालतील. ते म्हणाले, "दिला शब्द."

आत माझ्या स्वयंपाकघरात चहाची भांडी विसळणाऱ्या वहिनींनी फक्त एक भांडं जरा जोरात ठेवलं.

ते चैत्र-वैशाखाचे दिवस. अंडी काढायच्या सकाळी मला हजर राहायचा हुकूम होता. माझं काम भिंतीवरचं घड्याळ बघत मोठ्यानं वेळ सांगायचं. रेल्वे स्टेशनवरची बाई असते ना, ती मी. सरांनी एका मादीच्या पोटावरून हळूच अंगठा फिरवून तिची अंडी दोन वाट्यांत अर्धी अर्धी घेतली. पहिल्या वाटीत नराचं बीज घालून कोंबडीच्या पिसानं ढवळलं, थोड्या वेळानं दुसऱ्या वाटीतही तसंच. बाजूला घमेल्याएवढे दोन टब, गरम पाण्याचे, दोन्हीत थर्मामीटर घालून एक्केचाळीस अंश बघून घेतलेले. पहिल्या वाटीची वेळ झाली, अंडी गाळणीसकट पहिल्या टबात. मी मिनिटं सांगतेय, सर गाळणी हलवताहेत, आणि त्याच वेळी वहिनी लग्नाला नेसायची पैठणी कुठं ठेवली ते विचारायला शेडमध्ये आल्या. सरांनी मान वर न करता "जा, जा" केलं. त्या जरा घुटमळल्या आणि गेल्या. माझे डोळे घड्याळावर. मग दुसऱ्या वाटीची पाळी, दुसऱ्या टबात. सगळं घड्याळाबरहुकूम झालं. सर घामानं निथळत होते, पण चेहरा असा, जसं काही त्यांनीच अंडी घातलीत.

मी विचारलं होतं, "सर, थोडी अंडी धक्क्याशिवाय ठेवायला नकोत का? फरक कळायला?" हा माझा शहाणपणा नव्हे, हे त्यांनीच मला आधी कितीदा शिकवलं होतं, की तुलनेला एक टब तसाच ठेवायचा असतो. पण त्या दिवशी सरांना हाव सुटली होती. म्हणाले, "या वेळी सगळ्यांना धक्का. एकही सोडायचा नाही." शिकवणारे स्वतः कधी वर्गात बसतात का?

पिल्लं बोटाएवढी झाल्यावर दुसऱ्या टबातल्या प्रत्येकाचा पोटाखालचा एक पर कात्रीनं मुळाशी कापला. कोणतं पिल्लू कोणत्या टबातलं हे कळावं म्हणून. दोन्ही टब सारखेच, मग कळून करायचं काय, असं मला वाटलं. पण शिक्षकाला लाल खूण केल्याशिवाय चैन कुठं पडतं? पावसाळ्यात सगळी फौज अण्णांच्या तळ्यात गेली. सर दर पंधरवड्याला वणीच्या एस.टी.नं जायचे, तळ्याच्या काठावर बसून यायचे. काय पाहिलंत, म्हटलं तर म्हणायचे, "पाणी." हिवाळ्यात मासे सुस्त झाले, द्राक्षं उतरली, गेली. फिल्टर स्वच्छ. सर कॉलनीत जरा छाती काढून चालायला लागले होते.

आणि चैत्रात अण्णांचा फोन आला. "मास्तर, या. पाव्हने आलेत."

वणीच्या देवीच्या गडाची यात्रा होती. रस्ताभर पायी चालणारी माणसं, झेंडे, ट्रॅक्टर. आमची रिक्षा मुंगीच्या चालीनं. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले. वहिनी आणि मी मागे. वहिनी एकदाच म्हणाल्या, "पोटात काहीतरी घालून निघायला हवं होतं त्यांनी."

अण्णा फिल्टरपाशीच उभे होते. हातात स्टीलची ताटली, ताटलीत थोडं पाणी, पाण्यात जिऱ्याच्या दाण्यांसारखी पिल्लं वळवळत होती.

"घ्या मास्तर. नातवंडं. मांडीवर घ्या."

सरांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे. हे दुसऱ्या कुठल्या माशाचं असेल, पाटाच्या पाण्यातून आलं असेल, काही तरी ते म्हणतील असं मला वाटत होतं. म्हणावं असंही वाटत होतं.

"चिलापीच आहेत," सर म्हणाले.

माशांबद्दल इतकं लहान वाक्य मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकलं नव्हतं. जाऊन बाजेवर बसले. अण्णांनी सकाळीच जाळं ओढून ठेवलं होतं, मासे पाट्यांमध्ये पडलेले. "भंगारवाला मी पाठवू, का तुमच्याकडं हाय कोनी वळखीचा?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "आहे." बस. अण्णांनाही ते जरा लागलं असावं. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरचा भांडेना, की त्याची फार पंचाईत होते. ते उगीच फिल्टरचं झाकण उघडझाक करत राहिले.

आता मासे काढलेच होते, तर शिजवायला नकोत? धाकटीनं विळी घेतली, मी राख घेऊन बसले, वहिनी पोटं साफ करायला. बायकांचं बरं असतं. कोणाचं काय बुडालं तरी हाताला काम असतं. धाकटी बोलता बोलता म्हणाली, "आक्का, हे बघ गं. ही एवढी थोरली मादी, अन् पोटात गाबोळी नाय, अंड्याचं नाव नाय. पोट साफ रिकामं. अन् ही बारकुली, तर हिच्या पोटात मावंना."

बाजेचा करकर आवाज झाला.

सर आले ते अनवाणी. आमच्यात फतकल मारून बसले. धाकटीच्या हातातली मादी घेतली, उलटी केली, पोटाखाली बोट फिरवलं. मग ती बारकी. मग पाटीतली पुढची, त्याच्या पुढची. "चिरा," म्हणाले. "सगळ्या माद्या चिरा. नर तिकडे टाका." आम्ही चिरत गेलो, ते दोन ढीग लावत गेले. जिचा पर कापलेला, तिच्या पोटात गाबोळी. जिचा पर शाबूत, तिचं पोट रिकामं, अंड्यांच्या जागी नुसते दोन दोरे. पहिल्या टबातल्या एका मादीनं तेवढी बेइमानी केली होती, पर शाबूत आणि पोटात गाबोळी. सर म्हणाले, "असते, प्रत्येक वर्गात एक असते." अण्णा येऊन पाठीमागे उभे राहिले होते, त्यांना काही समजत नव्हतं, पण आपण जिंकलेलो असून इकडे काहीतरी निराळंच चाललंय एवढं कळत होतं.

"पहिला टब साधला," सर म्हणाले. "अण्णा, पहिला टब साधला! पण मग दुसरा का नाही? तीच आई, तोच बाप, तेच पाणी. एक्केचाळीस मी स्वतः पाहिलंय. ताई, वेळ चुकली होती का?"

"नाही हो," मी म्हटलं. तेवढं तरी मला शपथेवर सांगता येत होतं.

वहिनींनी हातातला मासा खाली ठेवला.

"त्या दुसऱ्या टबात मी विसण घातलं होतं."

तळ्यावरून एक बगळा उडाला.

"काय घातलंस?"

"विसण. पैठणीचं विचारायला आले होते ना, तेव्हा. त्या टबात कोपर घालून बघितलं, तर केवढं कढत! तुम्ही म्हणत होता ना, आताच जीव धरलाय, आताच जीव धरलाय. इतक्या कोवळ्या जिवाला असलं पाणी कोणी देतं का? शेजारी बादली होती. तांब्याभर गार पाणी घातलं. कोमट केलं." आणि मग जरा थांबून, "सवय हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुमच्या अंघोळीच्या बादलीतही घालते मी रोज. तेही तुम्ही विचारलेलं नाही."

अण्णा आधी हसले. मग धाकटी. मला हसू येत होतं आणि सरांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, कारण ते लाल झालं होतं, कानांपर्यंत. म्हटलं आता इतक्या वर्षांचं एकदम निघणार. एका तांब्यानं या माणसाचं तळं गेलं, टब गेले, म्हातारपणचं एवढं एक होतं ते गेलं. मी राखेचं भांडं मागे सरकवलं.

सर म्हणाले, "एक तांब्या, की दोन?"

"एकच. काठोकाठ."

"ढवळलंस?"

"हातानं."

सर स्वतःशीच मान हलवायला लागले. "म्हणजे सदतीसच्या आसपास. म्हणजे धक्का बसलाच नाही. धक्का सोडून बाकी सगळं सारखं. अगं, हाच तर टब मी ठेवायला हवा होता! मी ठेवला नाही. मी गाढवासारखा सगळ्यांना..." त्यांनी त्या दोन ढिगांकडे पाहिलं, मग वहिनींकडे. "हा टब नसता ना, तर नुसते मोठे मासे बघून कोणीही म्हणालं असतं, योगायोग. बरं केलंस."

वहिनींना बरं केलंस ऐकायची सवय नव्हती. त्यांनी परत मासा उचलला आणि जरुरीपेक्षा जास्त खवले काढले.

पण अण्णा व्यवहाराचे पक्के. हसणं संपवून म्हणाले, "ते समदं खरं मास्तर. तुमचं शास्तर जिकलं, आनंद हाय. पन फिल्टरात पिल्लं घावली का नाय घावली?"

"सापडली."

"मंग?"

"मग काही नाही." सर उठले. गुडघ्यावर हात टेकून, दोन खेपांत. "शब्द दिलाय. टब उद्या काढतो. आता कळलंय ना मला, तेवढं पुरे."

पुरे नव्हतं. जवळजवळ वर्षभर काठावर बसून पाणी बघणाऱ्या माणसाला दोन ढिगांनी पुरतं होय? पण शब्द त्यांचाच होता, आणि आम्ही कोण मध्ये बोलणार? धाकटी पदर तोंडाला लावून नवऱ्याकडे रागानं बघत होती. अण्णा आभाळाकडे.

वहिनी हात धुवायला उठल्या. नळाखाली निवांत, कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, आणि अण्णांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बायकोची थोरली बहीण. अण्णांनी आपोआप टोपी सारखी केली.

"अण्णा, शब्द कोणी दिला?"

"मास्तरांनी."

"मी दिला होता?"

"तुमी... तुमी कशाला द्याल, आक्का."

"तेच म्हणते. यांचे टब उद्या भंगारात जातील. शब्द म्हणजे शब्द. ते टब भंगारवाल्याकडून मी घेईन. यंदा अंडी मी काढेन, आणि पावसाळ्यात तुमच्या तळ्यात मी मासे सोडेन. मला नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. जेवायच्या आधी."

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. तिनं विळी आडवी केली आणि शांतपणे त्यांच्याकडे बघत बसली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं; मी भाडेकरू, मी काय बोलणार, मी राख झटकत होते. शेवटी म्हणाले, "आक्का, तुमाला नाय म्हननारा मी कोन? पन माजी एक अट हाय. ते इसण नाय घालायचं."

"तुम्ही जेवायला बसा आधी. अटी ऐकून शब्द देणाऱ्याचं काय होतं ते उभं आहे बघा समोर."

जेवायला बसलो. रिकाम्या पोटाच्या माद्यांचा रस्सा खरोखर सुरेख झाला होता. अण्णांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि कोणी विचारलेलं नसताना सांगितलं की मीठ जरा कमी आहे. सर भाकरी कुस्करत बसले होते, खात नव्हते. बऱ्याच वेळानं वहिनींकडे जरा झुकले. त्यांना वाटलं असेल हळू बोलतोय, पण ऐकायला कमी येणाऱ्यांचं हळू सगळ्या पंगतीला ऐकू जातं.

"पाणी तेवढं मी मोजत जाऊ का?"

वहिनी त्यांच्या ताटात अर्धी भाकरी टाकत म्हणाल्या, "बघू."